निळ्या शर्टातला मराठा

"यंदा होतंय बगा, ताई."

हे म्हणण्याआधी तो मिशीवरून अंगठा फिरवायचा, इकडेतिकडे बघायचा आणि आवाज खाली आणायचा. काय होतंय, हे मला कधी विचारावं लागलं नाही. हरियाणातल्या मानेसरच्या आमच्या कारखान्यात निळा शर्ट घातलेल्या प्रत्येक माणसाला यंदा एकच गोष्ट व्हायची असते. त्याला कायम व्हायचं असतं.

तुमच्यापैकी जे कारखान्यात नोकरी करतात त्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आम्ही गाड्यांचे पुढचे दिवे बनवतो. जोडणीच्या पट्ट्यावर दोन माणसं शेजारी शेजारी उभी असतात, एकाचा शर्ट राखाडी, दुसऱ्याचा निळा. दिवा तोच, गरम गोंद तोच, बोटं पोळतात तीही सारखीच. पण राखाडी माणूस कंपनीचा आणि निळा ठेकेदाराचा. राखाडीला निळ्याच्या तिप्पट पगार, यायला-जायला बस, दिवाळीला मिक्सर. निळ्याला सोनपापडीचा डबा. शिवाय निळ्यानं उद्या हक्क सांगू नये म्हणून दर काही महिन्यांनी त्याला घरी बसवायचं आणि आठवड्याभरानं नवा माणूस म्हणून परत घ्यायचं. याला आमच्याकडे 'ब्रेक' म्हणतात. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, वा, कामगारांना सुट्टी देतात! डोंबलाची सुट्टी.

मी क्वालिटीत. म्हणजे पट्ट्याच्या शेवटी उभं राहून दुसऱ्याच्या कामात खोट काढायची. जन्म पुण्यातला असल्यामुळे त्याचं वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागलं नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक दिवा निसटला आणि तोंडातून "अगं बाई!" निघून गेलं. पट्ट्यावरून एक मान झटकन वर आली.

"ताई, कोण्या गावच्या?"

एवढ्या हरियाणवी गोंगाटात मराठी ऐकून मला भरूनच आलं. तो हिंगोलीकडचा. आयटीआय करून कुणा मित्राच्या नादानं इकडे आलेला. पट्ट्यावर सगळे त्याला 'मराठा' म्हणायचे. त्यात जातीचा काही संबंध नाही, इकडे महाराष्ट्रातून आलेला जो तो मराठाच, मीसुद्धा. लोकांसमोर तो मला 'मॅडम' म्हणायचा आणि चहाच्या सुट्टीत 'ताई'. ही सीमारेषा त्यानं कधी ओलांडली नाही.

पट्ट्यावरचा फोरमन हरियाणाचा, तोंडाळ पण मनानं बरा. तो याची सारखी टर उडवायचा. "मराठे, पानिपत हो आ कभी. तेरे पुरखे वहीं रह गए।" हा खरंच एका सुट्टीच्या दिवशी पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर जाऊन आला. मी विचारलं, काय पाहिलंत? म्हणाला, "बाग आहे, ताई. बाकडी आहेत बसायला. मी बसलो जरा वेळ." मग म्हणाला, "इतकी माणसं इथवर आली. घरी बायकापोरी वाट बघत असतील, त्यांना कळायला किती दिवस लागले असतील ओ?" पानिपतावर शाळेत मी निबंध लिहून बक्षीस मिळवलंय. माझ्या निबंधात एकही बाई वाट बघत नव्हती.

त्याचीही बायको तिकडेच होती. लग्नानंतर मुलगी झाली, ती चालायला लागली, शाळेत जायला लागली, आणि हे सगळं त्यानं फोनमध्ये पाहिलं. इथे तो आणखी चौघांबरोबर एका खोलीत राहायचा. दोघं रात्रपाळीचे, म्हणून झोपायला जागा पुरायची. कायम झाला की बायको आणि पोरीला आणायचं हे ठरलेलं. त्यासाठी मानेसर गावातली एक खोली त्यानं हेरून ठेवली होती. "नळ आतमध्येच आहे ताई! बाहेर जावं लागत नाही." दर वर्षी त्या खोलीत कुणी ना कुणी राहायला यायचं आणि हा मला सांगायचा की ते भाडेकरू काही टिकणारे नाहीत. एकदा तर तो घरमालकाला भेटून भिंतीचा रंगसुद्धा सुचवून आला होता. मी म्हटलं, अहो, अजून बाजारात तुरी आणि तुम्ही कसले रंग सुचवताय! तर हसून पुन्हा तेच, "यंदा होतंय बगा."

वर्षातून एकदा कॅन्टीनमध्ये मोठी सभा भरते. वरचे साहेब येतात, पडद्यावर आलेख दाखवतात, रेषा वर वर जाते, आम्ही टाळ्या वाजवतो. एका सभेत साहेबांनी विचारलं, "कोई सवाल?" असं विचारायची पद्धत असते आणि गप्प बसायची पद्धत असते. यानं हात वर केला.

"सर, ये जो लाइन ऊपर जा रही है, इसमें हम किधर हैं?"

साहेब हुशार माणूस, हसून म्हणाले, "आप तो हमारी नींव हैं।" पाया म्हटल्यावर केवढ्या टाळ्या पडल्या! बाहेर आल्यावर मी म्हटलं, कशाला तोंड उघडलंत, ब्रेक लांबवतील तुमचा. तो खुशीत होता. म्हणाला, "साहेबानं उत्तर तर दिलं ना ताई. नायतर आमच्याशी कोण बोलतंय."

त्याच वर्षी माझी पगारवाढ झाली. नुसती वाढ, बरं का, पगार नव्हे. ती वाढ त्याच्या अख्ख्या पगाराहून मोठी होती. आणि माझ्या साहेबांची वाढ माझ्या अख्ख्या पगाराहून मोठी, त्यांच्या साहेबांची किती ते त्या परमेश्वराला ठाऊक. निळ्या शर्टाला काय मिळालं? सरकारनं महागाईपोटी जे चार पैसे वाढवले ते. त्यातलेही काही ठेकेदारानं जेवणाच्या नावाखाली कापून घेतले. मी पेढे वाटले. त्यानं दोन्ही हातांनी पेढा घेतला आणि म्हणाला, "लई चांगलं झालं. आता आमचंबी होईल. वरून खाली यायला टाइम लागतोच की." मी तेव्हा तिथे इतकी वर्षं होते, आणि वरून खाली येताना मी फक्त नोटिसा पाहिल्या होत्या.

तशीच एक नोटीस एक दिवस आली. निळ्या शर्टातली काही माणसं कायम करणार होते. कारखान्यात लग्नघराची कळा आली. नोटिशीत वयाची अट होती आणि हा ती ओलांडून गेलेला. पण फोरमन सांगून गेला, "साहब लोग चेहरा देखते हैं, कागज़ कौन पढ़ता है।" एवढं पुरलं. सोमवारी तो मिशी काढून आला.

मला ओळखूच आला नाही. गेटवरच्या गार्डनं तर अडवून ठेवलं होतं. आता, आपल्याकडे काय आणि हरियाणात काय, वडील असताना माणूस मिशी काढत नाही. वडील गेल्यावरच ती उतरते. त्यामुळे पट्ट्यावरचे एकेक जण टोपी काढून, मान खाली घालून त्याच्यापाशी यायला लागले. "बाबूजी कब गुज़रे, मराठे?" आणि हा लाजेनं लाल होऊन प्रत्येकाला सांगतोय, "ज़िंदा हैं, ज़िंदा हैं!" एक म्हातारा राखाडीवाला तर खांद्यावर हात ठेवून रडायलाच लागला, त्याला समजावता समजावता नाकी नऊ आले. मी हसून हसून बेजार झाले. खोटं कशाला बोलू, तोही हसत होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तो कप घेऊन माझ्यापाशी आला. घरी व्हिडिओ कॉल केला होता म्हणे.

"वडील काय म्हणाले?"

"काही नाही. माझ्याकडं बघितलं अन् फोन आईकडं दिला."

"आणि आई?"

"आई म्हणली, आता काढलीच आहे, तर नोकरी तरी घे म्हणावं त्याला. बाबा मागून म्हणत होते, तेच तिनं सांगितलं."

मग त्यानं चहाचा कप चुरगाळून टाकला. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. आता हे झालं नाही तर हा माणूस घरी कुठल्या तोंडानं जाणार?

झालं नाही. मुलाखत घ्यायला तीन साहेब बसले होते, त्यांनी चेहरा पाहिलाच नाही. कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. वयाची गोष्ट नंतरची, आधी नोकरीची वर्षं मोजली, ती शेवटच्या ब्रेकपासून. त्या हिशेबानं हा माणूस नुकताच कामाला लागला होता. पट्ट्यावरचे निम्मे राखाडी शर्ट ज्याच्या डोळ्यांदेखत नवखे म्हणून आले, तो नवखा ठरला.

मी एचआरमध्ये जाऊन भांडले. भांडणं हे माझं घरचं कार्य आहे, माझा नवरा सांगेल तुम्हाला. पण तिथला अधिकारी इतका सज्जन की त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, आय अंडरस्टँड. पण सिस्टममध्ये हा माणूस जुलैत आलाय." अहो, याच माणसानं गेली कित्येक वर्षं या अधिकाऱ्याला रोज सकाळी नमस्कार घातला होता! भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतीला निदान आवाज तरी येतो. मी चहा न पिता उठले, आणि त्यानं काही फरक पडला नाही.

त्यानंतर निळा शर्टही कंपनीला महाग वाटायला लागला. आता 'ट्रेनी' आणायचं ठरलं. त्यांना पगार नसतोच, विद्यावेतन असतं, आणि ते निळ्याहून कमी. पुढच्या ब्रेकला ठेकेदारानं त्याला सांगितलं, परत येऊ नकोस. मला हे कळलं तेव्हा त्याच्या जागेवर दुसरेच हात दिव्याला गोंद लावत होते. फोन लावला तर बंद. फोरमनला विचारलं. तोंडाळ माणूस, पण त्या दिवशी त्याला टरसुद्धा उडवता आली नाही. "गया, मैडम। कमरा भी छोड़ दिया।" मला वाटलं, गावी गेला असेल. मी स्वतःची समजूत घातली की वडील काय ते बोलून मोकळे झाले असतील, पोरगी गळ्यात पडली असेल.

मग थंडीतल्या एका सकाळी आमची बस मानेसरमध्येच एका दुसऱ्या कारखान्याच्या गेटासमोर अडकली. पुढे ट्रक बंद पडला होता. गेटाबाहेर भरती चालू होती, पोरांची ही गर्दी. ठेकेदाराचा माणूस स्टुलावर उभा राहून एकेकाला निवडत होता. विशी-बाविशीच्या त्या पोरांत मला तो दिसला.

मला कुठला धीर! ड्रायव्हरला दार उघडायला लावलं आणि गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेले. "अहो, होतात कुठे तुम्ही? फोन का बंद? वडील कसे आहेत?" सगळं एका दमात, आणि मराठीत.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्राकडे पाहिलं. मग हिंदीत म्हणाला, "मैडम, आप किसी और को समझ रही हैं।"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात स्टुलावरचा माणूस मला विचारू लागला. "आप जानती हैं इसको? पहले कहीं काम किया है इसने?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुना माणूस या गेटांवर कुणाला नको असतो. जुना माणूस पीएफ विचारतो, ओव्हरटाइम मोजतो, सभेत हात वर करतो. इथे गावाहून काल आलेला माणूस लागतो, ज्याला काही येत नाही आणि काही माहीत नाही. तो माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"नहीं भैया," मी म्हटलं. "गलती हो गई।"

"हाँ भई," स्टुलावरचा त्याच्याकडे वळला, "पहले कहाँ किया है?"

"कहीं नहीं, सर। पहली बार आया हूँ।"

"अंदर जा।"

आत घेतलेली पोरं पळत निघाली होती, तोही त्यांच्याबरोबर पळाला. मी बसमध्ये येऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोई जान-पहचान का था? मी नाही म्हटलं, आणि खिडकीकडे तोंड करून ट्रक हलेपर्यंत रडत राहिले.