धाकटीला विचारलेला प्रश्न

माझी धाकटी बहीण घरात कधी गप्प बसत नसे. जेवताना बोलायची, माय केस विंचरून द्यायची तेव्हा बोलायची, कापूस वेचायला नेली तर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत जायची. शेजारच्या बाया हसायच्या. म्हणायच्या, हिले वकील करा. माय म्हणायची, आधी चौथी तर होऊ द्या.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. बाबा आधी दुसऱ्याच्या शेतात राबायचे, मग बेल्याच्या मंडल कचेरीत अटेंडर, म्हणजे शिपाई, लागले. आमच्या घराण्यातली ती पहिली नोकरी. त्यामुळे शाळा या गोष्टीवर त्यांचा फार जीव. गावातल्या शाळेत मी शिकले तेव्हा तिथे मराठी गुरुजी होते. धाकटी दुसरीत गेली आणि ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी मराठी शिकवणारं कोणी आलंच नाही. आले ते तेलुगू पंतुलु, म्हणजे गुरुजी. माणूस चांगला होता, पोरांवर हात उगारत नसे, पण मराठी त्याला दुकानात मीठ मागण्यापुरतीच यायची. मराठी पुस्तकंही येईनाशी झाली.

मी तोवर बेल्याच्या हायस्कुलात जाऊन, बाजारात ऐकून तेलुगू बऱ्यापैकी शिकले होते. धाकटीला ती जमेना. शाळेत ती भिंतीला टेकून, पाटी मांडीवर घेऊन बसून राहायची. पंतुलूंनी एकदा बाबांना सांगितलं, पोरगी चांगली आहे, पण तिला बोलता येत नाही. बाबा घरी येऊन मायला ते सांगत होते, आणि त्याच वेळी धाकटी मागच्या अंगणात शेळीला काहीतरी रागावून सांगत होती. आम्ही सगळे हसलो. तेव्हा ती हसण्यासारखीच गोष्ट वाटली.

त्या हिवाळ्यात हैदराबादहून एक मॅडम आल्या. तिशीच्या असतील. सरहद्दीवरच्या गावांतली मुलं शाळेत कशी शिकतात, याचा अभ्यास त्या करत होत्या. काही मुलं निवडायची आणि ती मोठी होईपर्यंत दर वर्षी येऊन त्यांना भेटायचं, असं ते काम होतं. मुलं चिठ्ठ्या टाकून निवडली. त्यात धाकटीची चिठ्ठी निघाली. ती गावभर सांगत फिरली की हैदराबादच्या बाईनं मले निवडलं. चिठ्ठी उचलल्याचं तिला सांगून उपयोग नव्हता.

मॅडमना मराठी येत नव्हती. घरोघरी जाऊन आईबापांना विचारायला कोणीतरी हवं, म्हणून बाबांनी मला त्यांच्यासोबत दिलं. शाळेतल्या चाचणीच्या वेळी मात्र मी वऱ्हांड्यात बसायचं, मध्ये बोलायचं नाही. मुलांना एक चित्र दाखवायचं, यात काय चाललंय ते सांग, असं शाळेच्या भाषेत विचारायचं आणि उत्तर टेपरेकॉर्डरवर घ्यायचं, हा नियम होता. शाळेची भाषा तेलुगू.

धाकटीची पाळी आली. तिनं त्या दिवशी विहारात जातानाचा पांढरा फ्रॉक घातला होता. मॅडमनी प्रश्न विचारला. धाकटी गप्प. मॅडमनी तोच प्रश्न हळू, एकेक शब्द तोडून पुन्हा विचारला. खिडकीतून मला धाकटीची पाठ दिसत होती. ती पायाचा अंगठा जमिनीवर घासत होती. थोड्या वेळानं मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

दुपारी मॅडम आमच्याकडे जेवायला होत्या. माय चुलीपाशी, धाकटी तिला चिकटून बसलेली, आणि मॅडमच्या पिशवीतून ते चित्र वर आलेलं. चित्रात विहिरीवर पाणी काढणारी एक बाई, तिच्यामागे वाळत घातलेलं लुगडं खाणारी शेळी, आणि झाडावर बसलेला एक मुलगा. धाकटीनं चित्र ओढून घेतलं आणि मायला सांगू लागली.

"हे बाई पानी काढून राह्यली, पन तिचं ध्यान नाई. तिचं मन माहेरी गेलं. म्हनून शेळीनं लुगडं खाल्लं तरी तिले समजून नाई राह्यलं. अन् ह्या पोराले सगळं दिसते. पन तो सांगत नाई. सकाळी हिनं मारलं त्याले."

मॅडमचा घास हातातच राहिला. त्यांनी मला विचारलं, काय म्हणते ही? मी तेलुगूत सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग धाकटीकडे बघत म्हणाल्या, सकाळपासून इतकी मुलं पाहिली, सगळ्यांनी बाई, विहीर, शेळी अशी नावं घेतली. बाईच्या मनात काय आहे, हे कोणी सांगितलं नाही. टेप मात्र शाळेत झाली होती, आणि जेवताना बोललेलं अभ्यासात धरता येत नव्हतं. जाताना त्यांनी धाकटीला जवळ घेतलं आणि माझ्यामार्फत सांगितलं की पुढच्या वर्षी मी तुला तुझ्या भाषेत विचारेन. अभ्यासाच्या मोठ्या सरांची परवानगी घेईन, मराठी शिकून येईन.

धाकटीनं ते महिनोन्महिने धरून ठेवलं. जुन्या मराठी पुस्तकांतली चित्रं काढून ती मला प्रश्न विचारायला लावायची, आणि मॅडम होऊन मी खुर्चीवर नीट बसले नाही तर चिडायची.

पोळ्यानंतर तिला ताप आला. बेल्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, ताप उतरला, पुन्हा चढला. मग ती आम्हाला ओळखेना. बाबांनी जीप करून तिला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. मेंदूत ताप गेला, असं तिथे सांगितलं. माय तिच्या उशाशी बसून तिच्याशी बोलत राहिली, कारण धाकटीनं उत्तर दिलं नाही असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तिथे दवाखान्यातच ती वारली. विहारात वंदना झाली तेव्हा तिच्या वर्गातली पोरं रांगेत बसली होती आणि पंतुलु मागे उभे राहून उपरण्यानं डोळे पुसत होते.

दिवाळीनंतर मॅडम आल्या. त्यांना कळवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. बसमधून उतरून त्या आधी आमच्याच घरी आल्या. अंगणात उभ्या राहून, पाठ केलेल्या मराठीत, हसत त्यांनी विचारलं, "कुठे आहे माझी मैत्रीण? मी मराठी शिकून आले."

माय सूप हातात घेऊन उभी होती. बाबांनी सांगितलं, हिंदीत, दोन वाक्यांत. मॅडम अंगणातच खाली बसल्या.

मायनं त्यांना पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिले इचार, त्या डब्बीत पोरीचा आवाज हाये ना?"

आमच्या घरात धाकटीचा एकही फोटो नव्हता. काढू, काढू म्हणत राहून गेला होता. मायनं मनात हा आवाज कधीपासून धरून ठेवला होता, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, कॅसेट हैदराबादला आहे, पण तिच्यात फार काही नाही. माय म्हणाली, जे असन ते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या फक्त तेवढ्यासाठी परत आल्या. बाबा कचेरीत होते. मायनं दार लोटलं, घर झाडलेलं असून पुन्हा झाडलं आणि पदर सारखा करून बसली, कोणी पाहुणं यायचं असावं तशी. मॅडमनी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला आणि बटण दाबलं.

आधी मॅडमचा आवाज आला, तेलुगूत. मग काही नाही. बाहेर कुठेतरी कोंबडी ओरडत होती, ती त्या टेपमधली की आमच्या अंगणातली, कळेना. मग बारीक खरखर आली. ती तिच्या पायाच्या अंगठ्याची होती. मी खिडकीतून पाहिलं होतं, म्हणून मला ओळखू आली. माय पुढे वाकली. मॅडमचा तोच प्रश्न, हळू, तोडून तोडून. पुन्हा शांतता. आणि मग अगदी खालच्या आवाजात धाकटी एक शब्द बोलली, जो त्या दिवशी वऱ्हांड्यात मला ऐकू आला नव्हता.

"तेल्वदु."

पुढच्या मुलाचा आवाज सुरू झाला आणि मॅडमनी बटण बंद केलं.

"काय म्हनली?" मायनं मला विचारलं.

मी म्हणाले, "ठाऊक नाई, म्हनली."

माय त्या मशीनकडे बघत राहिली. म्हणाली, "ठाऊक होतं तिले." मग मॅडमकडे बघून, त्यांना समजावं म्हणून सावकाश, पुन्हा म्हणाली, "सगळं ठाऊक होतं तिले."

तेवढी मराठी मॅडमना कळली. त्या रडू लागल्या, आणि मायच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पुन्हा लावू का, असं मी विचारलं. माय नको म्हणाली.

संध्याकाळी बाबा आले. पाय धुता धुता त्यांनी मला विचारलं, बोलली का काही? मी म्हटलं, एक शब्द. कोणता, ते त्यांनी विचारलं नाही.

मॅडम त्यानंतर आल्या नाहीत. अभ्यास चालू राहिला. दर हिवाळ्यात एक तरुण सर यायचे आणि उरलेल्या मुलांना भेटून जायचे. ते आल्याचं कळलं की माय शेतात निघून जायची, काम असो नसो. मी शिकले, शिक्षिका झाले, दुसऱ्या मंडलात बदलून गेले. सुट्टीत यायचे तेव्हा माय धाकटीविषयी बोलायची नाही आणि मीही विषय काढत नसे.

धाकटीच्या वर्गातली एक मुलगी, तीही त्या अभ्यासात होती, दहावी पास झाली. माझ्यानंतर आमच्या आळीतली दहावी झालेली ती पहिलीच मुलगी. मी तेव्हा घरी होते. माय स्वतः बेल्याला जाऊन ब्लाउजपीस घेऊन आली, त्या मुलीच्या घरी गेली, तिच्या हातात दिला, तिचं तोंड कुरवाळलं आणि तिच्या आईशी चार शब्द चांगले बोलली. मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी उठून चुलीकडे जायला लागले तर बाबांनी मला हातानं थांबवलं. त्या दिवशी भाकरी त्यांनी थापल्या. त्यांना येत नव्हत्या. जाड, कडेनं फाटलेल्या त्या भाकरी त्यांनी मायच्या उशाशी ताटात झाकून ठेवल्या आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले.