सोमवारच्या खिळ्यावरची बांगडी

कुसुम गेल्याचं मला वर्गात कळलं. मी फळ्यावर वार लिहीत होते. 'गुरुवार' लिहून झालं होतं, पुढे दिनांक घालायचा होता, तेवढ्यात शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, ऑफिसात फोन आला होता. गावडेबाई पहाटे गेल्या." चौथीची साठ पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी दिनांक लिहिला, सुविचार लिहिला, खडू खोक्यात ठेवला आणि मग खुर्चीत बसले. रडू आलं नाही. फळ्यावरचा तो 'गुरुवार' मात्र डोळ्यांसमोर नकोसा झाला… उठून पुसून टाकला. याला आता सहा आठवडे झाले. वार पुसावासा का वाटला, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

कुसुम गावडे भांडुपच्या आमच्या प्राथमिक शाळेत आली ती एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात. मतिमंद मुलांसाठी संस्थेने एक वर्ग काढला होता आणि त्याला खोली दिली होती पाण्याच्या टाकीला चिकटलेली, जिच्या भिंतीला बारा महिने ओल. पहिल्याच दिवशी ती शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाली, "तुमच्या वर्गात ज्यांचं काहीच चालत नाही ना, ती मुलं मला द्या." आम्ही दिली. घरातली रद्दी द्यावी तशी आनंदाने दिली, खोटं कशाला बोलू? सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची बारा मुलं. शाळेत त्या खोलीला सगळे 'वेड्यांचा वर्ग' म्हणत, आणि हे कानावर आलं की कुसुमच्या तोंडून अस्सल मालवणी बाहेर पडायची. रागात आणि मायेत ती मालवणीत बोलायची, एरवी आपली शाळेतली मराठी. माझी शाळा सकाळची, तिचा वर्ग दुपारचा. मधल्या अर्ध्या तासात आम्ही डबा एकत्र खायचो. त्या अर्ध्या तासाची मैत्री इतकी वाढेल असं मला वाटलं नव्हतं.

तिच्या वर्गात भिंतीवर एक फळी होती. तिला ओळीने सात खिळे, प्रत्येक खिळ्याखाली शिंप्याकडून आणलेली वेगळ्या रंगाची चिंधी. रविवारच्या खिळ्याखाली मात्र काहीच नाही. लाल प्लॅस्टिकची एक बांगडी रोज एक खिळा पुढे सरकवायची आणि वार सांगायचा. शनिवारी घरी जाताना ती रविवारच्या खिळ्यावर टाकायची. एवढंच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसले होते. "अगं, वार शिकवायला एवढा खटाटोप? सात शब्द तर आहेत." ती म्हणाली, "शब्द नाही गो शिकवत. काल गेला आणि आज वेगळा आहे, हे शिकवते."

बांगडी सरकवायचं काम सुरेखाचं. सुरेखा टेकडीवरच्या वस्तीतली, आई चार घरची भांडी घासायची, बाप गिरणीच्या संपापासून घरी बसलेला. पोरगी दहा वर्षांची, गोल चेहरा, जीभ जड. हिला कालचा दिवस आणि आजचा दिवस यातला फरकच माहीत नव्हता. जेवण झालं की तिच्या लेखी नवा दिवस. कुसुमने दोन वर्षं घालवली. रोज तिचा हात धरून बांगडी उचलायची, कालच्या खिळ्यावर बोट ठेवायचं, मग आजच्या. दोन वर्षांनी एका दुपारी सुरेखा आपणहून उठली, बांगडी सरकवली आणि म्हणाली, "काल मंगळवार. आज बुधवार." कुसुम धावत माझ्या घरापर्यंत आली होती ते सांगायला. मी पोळ्या लाटत होते. माझे पिठाचे हात धरून ती रडली.

पुढच्याच वर्षी संस्थेला इंग्रजी माध्यमाची बालवाडी काढायची लहर आली, आणि खोली हवी होती. कुणीतरी साहेब येणार, वर्गाची तपासणी करणार आणि वर्ग ठेवायचा की नाही ते ठरवणार, असं कळलं. नेमकं त्याच वेळी कुसुमची आई गावी वारली. ती मालवणला गेली. जाताना मला म्हणाली, "विजू, बारा दिवस मुलांना फक्त सांभाळ. शिकवू नकोस काही. साहेबांना ती आहेत तशी दिसू देत."

मी कशी ऐकणार? वीस वर्षं मास्तरकी केलेली बाई मी. तपासणी म्हटलं की आमचे हात आपोआप चालायला लागतात. येतं त्याने उजवा हात वर करायचा, येत नाही त्याने डावा, म्हणजे साहेबांना सगळेच हात वर दिसतात… असली विद्या मला पाठ. मैत्रिणीचा वर्ग वाचवायचाच, असं मी मनात घेतलं होतं. रोज दुपारी मी त्या बारा जणांकडून तीन उत्तरं घोटून घेतली. तुझं नाव काय, तू कुठे राहतोस, आज वार कोणता. साहेब सोमवारी येणार होते, म्हणून वाराचं उत्तर 'आज सोमवार'. बरोबर आलं की हातावर लिमलेटची गोळी. सुरेखा पहिल्या दिवशी गोंधळली. उठून फळीकडे गेली, बांगडी शुक्रवारवर टाकायला लागली. मी तिचा हात धरून बांगडी सोमवारच्या खिळ्यावर नेली, आणि गोळी दिली. आठव्या दिवशी ती फळीकडे न बघता म्हणायला लागली. मला काय आनंद झाला होता!

सोमवारी साहेब आले. मुलांनी धडाधड उत्तरं दिली. सुरेखाने तर खणखणीत आवाजात सांगितलं, "आज सोमवार." साहेब खूष झाले, मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "ही मुलं तर चांगली आहेत की! यांना वेगळं कशाला बसवता? साध्या वर्गात घाला." मी दाराशी उभी होते. उरलेल्या गोळ्या माझ्या मुठीत होत्या.

कुसुम मंगळवारी परत आली. मी त्या दिवशी डबा घेऊन तिच्याच वर्गात बसले होते. तिला बघून सुरेखा उड्या मारत उठली, सोमवारच्या खिळ्यावरची बांगडी उचलली आणि पुन्हा सोमवारवरच टाकली. "आज सोमवार." आणि माझ्यापुढे तळहात पसरला. कुसुम तिला म्हणाली, "नाही गो बाय, काल सोमवार." पोरीने मान हलवली, हात तसाच. कुसुमने मला विचारलं, "हिला काय झालं?" मी म्हटलं, "मला काय माहीत? तू नव्हतीस ना, बिघडली असेल." एवढं बोलून मी डबा धुवायला नळावर गेले.

दिवाळीच्या सुट्टीआधीच वर्ग मोडला. बारा मुलं वेगवेगळ्या वर्गांत शेवटच्या बाकांवर गेली. कुसुमला पहिली दिली. सुरेखा वाट्याला आली माझ्या. मी रोज फळ्यावर वार लिहायची आणि मागून आवाज यायचा, "आज सोमवार!" सगळा वर्ग हसायचा. ती पण हसायची, तिला वाटायचं शाबासकीच आहे. मग बाक सोडून माझ्या टेबलापर्यंत यायची, हात पसरून. मी पहिले काही दिवस समजावलं. मग ओरडले. एकदा त्या पसरलेल्या हातावर पट्टी मारली… हे मी कुसुमलासुद्धा कधी सांगितलं नाही. नाताळनंतर सुरेखा यायची बंद झाली. मला सुटल्यासारखं वाटलं. बाकीचीही एकेक करून गळाली. वर्ष संपताना बारातलं एकही शाळेत नव्हतं, आणि टाकीजवळच्या खोलीत बालवाडीची पोरं इंग्रजी कविता म्हणत होती.

कुसुमने ती फळी घरी नेली, मुलुंडच्या तिच्या एका खोलीत. दर रविवारी ती जुन्या पातळात गुंडाळून काखेत मारायची आणि टेकडी चढायची. चार वर्षं. "कशाला मरतेस?" मी म्हणायची, "त्या पोरीच्या डोक्यात आता काही शिरायचं नाही." ती म्हणायची, "शिरलं होतं गो एकदा." आणि माझ्याकडे बघायची नाही.

पोटातलं दुखणं तिने अंगावर काढलं. इस्पितळात तिला बघायला गेले तेव्हा अंथरुणात नुसती हाडं उरली होती. मी तिचा हात धरला आणि चार वर्षांचं सगळं एका दमात ओकले. गोळ्या, सोमवार, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माका ठाऊक होतां गो."

"कधीपासून?"

"पोरीने हात कोणापुढे पसरला, ते बघितलं मी."

"मग बोलली का नाहीस, बाई? चार शिव्या तरी द्यायच्यास!"

"बोलून वर्ग परत आला असता? तुझ्याशी बोलणं टाकलं असतं तर शाळेत मला होतं कोण…" तिने कूस बदलली. "फळी घेऊन जा. रविवारी तिच्याकडे कोणीतरी गेलं पाहिजे. ती दारात बसून असते."

तिच्या भावाने फळी माझ्या हवाली केली. बांगडी रविवारच्या खिळ्यावर होती, कुसुम शेवटची जाऊन आली त्या दिवसाची. गेले पाच रविवार मी टेकडी चढते आहे. सुरेखा आता सतरा वर्षांची झाली आहे, दारात बसलेली असते. पहिल्या रविवारी तिच्या आईने विचारलं, "दुसऱ्या बाई कुठं हायेत?" मी सांगितलं. आई पदर तोंडाला लावून आत गेली. सुरेखाला कळलं की नाही, देव जाणे. ती माझ्या मागच्या वाटेकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

मी फळी भिंतीला टेकवून उभी करते. सुरेखा बांगडी उचलते आणि सोमवारच्या खिळ्यावर टाकते. मी ती काढून रविवारवर ठेवते, तिचं बोट धरून कालच्या खिळ्यावर नेते, कुसुम न्यायची तसं. "काल शनिवार. आज रविवार." ती माझ्या तोंडाकडे बघते, माझं झालं की बांगडी पुन्हा सोमवारवर नेते. कुसुमला दोन वर्षं लागली होती, मला बारा दिवस. या रविवारी मी सतरा वेळा बांगडी सरकवली. सतराव्या वेळीही तिने ती सोमवारवर टाकली, म्हणाली, "आज सोमवार," आणि माझ्यापुढे तळहात पसरला. माझ्याकडे गोळी नव्हती. असती तरी दिली नसती. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला, उन्हं उतरेपर्यंत. सोडला, तेव्हा तो तसाच पसरलेला होता.