अपेंडिक्सची गोष्ट

समस्त मराठी बांधवांना, विशेषतः इकडे परदेशात, डीमन गावातल्या माझ्या घरी पुरणपोळी खाऊन माझ्या गोष्टींवर हसलेल्यांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ईराला अपेंडिक्स झालं नव्हतं.

हे मी माझ्या तोंडाने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

ईरा माझी मुलगी. दोन वर्षांपूर्वी, पंधराव्या वर्षी, तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचली. हॉस्पिटलातून घरी आणली आणि पहिला फोन वाजला — काय झालं पोरीला? माझ्या तोंडून निघून गेलं, अपेंडिक्स.

तिथं थांबलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण मी — हातात गोष्ट आली की रंगवल्याशिवाय राहतोय कुठला? त्यात इथली आमची डच फॅमिली डॉक्टर घातली. 'पाणी प्या, सोमवारी फोन करा,' हे तिच्या आवाजात म्हणायचो. स्ट्रेचर जिन्यात अडकवलं. लोक पोट धरून हसायचे. बायको म्हणायची, पुरे. मी म्हणायचो, लोकांना आवडतं. आणि खरी डॉक्टर? ती रोज न चुकता ईराला फोन करत होती. नालायक माणूस मी.

समुपदेशक म्हणाली होती, लपवू नका, तिला विचारत जा. ईराच्या समुपदेशनाच्या गटात एक कोलंबियन मुलगी होती, वालेरिया. तिची आई रोज सकाळी सरळ विचारायची — आज कसं वाटतंय, ते विचार परत आले का? ईरानं हे मला जेवताना सांगितलं. दोनदा. ती काय मागत होती, हे मला कळलं नाही? कळलं. मी तिला कोशिंबीर वाढली.

पोरगी बरी होत होती — माझ्यामुळे नाही. पुन्हा सायकलवरून शाळेत जायला लागली, जेवायला लागली, भांडायला लागली. आणि मी तिला सोफ्यावर बसवून पाहुण्यांपुढे तिच्याच दुखण्याचं नाटक करत होतो. ती हसायचीसुद्धा. ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गेल्या महिन्यात हार्लेमहून जोशी आले. माझं स्ट्रेचर नुकतंच जिन्यात पोचलं होतं. पाहुण्यांशी एरवी इंग्रजीत बोलणारी ईरा स्वच्छ मराठीत म्हणाली,

"जोशीकाका, मला अपेंडिक्स झालं नव्हतं. मला जगायचं नव्हतं. आता जगायचंय. तुम्ही जरा बाबांना गप्प बसवा."