विश्राम भोपळे अस्वल होतात

हिवरखेडात विश्रामजी भोपळ्यांना कोणी वाईट म्हणत नसे, कारण वाईट म्हणावं असं त्यांनी काही केलंच नव्हतं. समोरच्याला लागेल असं काही बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. एकदा न्हाव्याच्या हातून चुकून अर्धी मिशी उडाली, तर यांनी उरलेली अर्धीही त्याच्यापुढे केली आणि "गरमच होऊन राह्यलं होतं" म्हणत घरी आले. कापसाच्या जिनिंगवर राखणदार होते तेव्हा गाठोडं घेऊन भिंतीवरून उतरणाऱ्या माणसाला चोर कसं म्हणावं ते त्यांना सुचेना. शेवटी "सांभाळून उतरा जी" म्हणाले. ती नोकरी तिथंच संपली.

त्यांच्या वाट्याचं बोलणं बायको शकुन बोलायची, आणि तिच्याकडे ते भरपूर होतं.

अशा माणसाला अस्वलाची नोकरी मिळाली ती कुलदीप ठाकरेमुळे. सातपुड्याच्या बाजूला त्याची संत्र्याची बाग. डोंगरातून वानरांची टोळी उतरायची, एक संत्रं खायची आणि दहा फेकायची. फटाके झाले, डबे बडवून झाले. मग कोणीतरी सांगितलं, तिकडे तेलंगणात अस्वलाचं सोंग घेतात, वानर फिरकत नाही. कुलदीपनं हैदराबादेहून काळ्याभोर केसांचा पोशाख आणला, मुंडक्यासकट. पण तो घालायला गावात कोणी तयार होईना. ज्याला त्याला इज्जत आडवी आली. विश्रामजींना विचारलं, तेव्हा त्यांना नाही म्हणता आलं नाही, एवढंच.

पहिल्या दिवशी ते झाडाखाली उभे राहिले आणि वानरांकडे पाहून सभ्यपणे खाकरले. वानरांचा म्होरक्या सोललेलं संत्रं खात बसला. बसता बसता त्यानं साल भिरकावली, ती विश्रामजींच्या नाकावर. मग एक अख्खं संत्रं आलं. आत घामाची आंघोळ चाललेली, बाहेर हा अपमान, आणि मुख्य म्हणजे आपलं तोंड कोणाला दिसत नाही, ही गोष्ट त्यांच्या तेव्हा ध्यानात आली. पोटातून जे काही निघालं त्याला डरकाळी म्हणायला हरकत नाही. आयुष्यभराचं साचलेलं होतं ते. वानरं डोंगराकडे पळाली. मागे उभा असलेला कुलदीप मोटारपंपाच्या खोलीच्या छतावर चढला, आणि विश्रामजींनी मुंडकं काढून दाखवलं तेव्हा कुठं खाली उतरला.

उकाड्यानं जीव जायची पाळी आली, म्हणून ते पोशाख घेऊन शिंपी अब्दुल सत्तारांच्या दुकानात गेले. हवेसाठी काखेत झडपा ठेवायच्या होत्या. सत्तारभाईंनी पोशाख अंगावर चढवूनच माप घेतलं आणि म्हणाले, "भाईजान, जिंदगी भर शादी के सूट सिये, ऐसा दूल्हा पहिली बार आया." काम मात्र चोख केलं. वारा लागू लागला आणि विश्रामजी रमले.

दुपारी शकुन डबा घेऊन यायची. एक दिवस डबा उघडला, आत मेथी. मुंडकं अजून डोक्यावरच होतं.

"शकुन," आतून आवाज आला, "मले मेथी आवडत नाई."

शकुननं आधी मागे वळून पाहिलं. मग अस्वलाकडे. "कवापासून?"

"लगनापासून."

ती चिडली. एवढी वर्षं हिवाळाभर मेथी खाल्ली, तेव्हा तोंडात काय गूळ होता का, असं बरंच काही म्हणाली. मग बांधावर बसली आणि आणखी काय काय आवडत नाही ते विचारू लागली. विश्रामजींनी सांगितलं. भावाकडे चार दिवस म्हणून जाऊन पंधरा दिवस राहतेस तेव्हा घर खायला उठते, हेही सांगितलं. त्या संध्याकाळी घरात वांग्याची भाजी झाली. पण घरी पोशाख नव्हता. भाजी कशी झाली विचारल्यावर ते नेहमीसारखं "बरी आहे" म्हणाले. शकुनला पोशाखच घरी आणावासा वाटला.

त्यांची मुलगी प्रणाली अकोटला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिच्यासाठी अकोल्याच्या जुन्या शहरातलं स्थळ आलं. मुलगा नितेश मोटारपंपाच्या दुकानात होता, फोटोत बरा दिसत होता. मुलीलाच घेऊन या, असा निरोप आला. शकुननं बसमध्ये नवऱ्याला बजावलं, काम विचारलं तर मॅनेजर म्हणायचं, बाकी मी पाहते.

घरात सगळा कारभार मुलाच्या काकाजींच्या हाती. नाव दिगांबरजी. नितेश खाली मान घालून बसलेला, त्याची आजी गोदाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून. काकाजींनी प्रणालीला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, चष्मा आहे का विचारलं. मग चालून दाखवायला सांगितलं. ती दारापर्यंत चालून आली. चपला काढून पुन्हा चालायला सांगितलं. ती पुन्हा चालली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शकुन, जिला गावात कोणी बोलण्यात हरवलं नव्हतं, ती पदराचं टोक पिळत बसली. मुलीची आई होती, स्थळ बरं होतं.

"आता जरा हासून दाखव बाई," काकाजी म्हणाले. "दात पाहू दे."

विश्रामजींच्या हातात पोह्यांची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, जीभ टाळूला चिकटली, आणि शब्दांऐवजी पोटातून ते निघालं.

डरकाळी बंद खोलीत फार मोठी वाटते. भिंतीवरचं कॅलेंडर हललं असं शकुन आजही सांगते. काकाजी खुर्चीसकट मागे सरकले. डरकाळी संपल्यावर मात्र विश्रामजींची पंचाईत झाली. एवढं ओरडून आता गप्प बसणं बरं दिसलं नसतं. त्यांनी चाचपडत सुरुवात केली.

"मी मॅनेजर नाई जी. मी अस्वल आहो. बागेत वानरं हाकलतो." त्यांनी घाम पुसला. "बैल घ्याचा असला तं दात पायतात, काकाजी. आमी पोरगी घेऊन आलो. जनावराचं काम मी करतो, मले त्यातला फरक समजते. मानसावानी बोलाचं असन तं बसतो, नाई तं निंगतो."

 मग कोपऱ्यातून खुसखुस ऐकू आली. गोदाबाई हसत होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. "माह्येबी दात मोजले होते यायच्या घरच्यायनं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माहा बाप गप बसला होता."

काकाजी उठून आत गेले. स्थळ मोडलं, हे सांगायची गरज उरली नाही. बसस्टँडवर विश्रामजी बाकावर डोकं धरून बसले. आपण लेकीचं वाटोळं केलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. प्रणालीनं त्यांना उसाचा रस पाजला आणि म्हणाली, "बाबा, दुसऱ्यांदा चालले ना, तवा मी ठरवलं होतं की हे लग्न होत नसते. तुमी फक्त मोठ्यानं सांगितलं." मग तिला हसू फुटलं, ते अकोट येईपर्यंत थांबलं नाही.

पुढच्याच आठवड्यात नितेश आजीला घेऊन हिवरखेडात हजर. माफी मागायला आलो म्हणाला. प्रणालीनं चहा दिला आणि विचारलं, त्या दिवशी तुमच्या तोंडाले काय झालं होतं? काकाजींपुढे मले बोलता येत नाई, तो म्हणाला. शकुनला राग आला, पण विश्रामजींना त्या पोराची इतकी दया आली, की त्यांनी त्याच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. प्रणालीला मात्र दया आली नाही. आधी काकाजींशी बोलून या, मग पाहू, एवढं सांगून ती कामावर निघून गेली.

तो आजीला घेऊन परत आला तेव्हा बागेतली तोडणी आटोपली होती आणि विश्रामजी अंगणात बाजेवर बसले होते. काकाजींशी बोललो म्हणाला. काय बोलला, हे विश्रामजींनी विचारलं. फार नाही, पोरीचे दात पाहणं चुकलं, एवढं एकच वाक्य जमलं, तेही अडखळत, आणि तेव्हापासून काकाजी घरात त्याच्याशी बोलत नाहीत. हे सांगताना तो घामाघूम झाला होता, पण चेहरा खुलला होता.

"बस झालं एक," विश्रामजी म्हणाले आणि बाजेवर त्याला जागा करून दिली.

मग दोघांनाही पुढं काय बोलावं ते सुचेना. ते प्रणालीची बस यायची वाट पाहत बसले. आत शकुन आणि गोदाबाई यांचं सांडग्यांवरून जोरात जुंपलं होतं, आणि दोघींपैकी कोणीच माघार घेत नव्हती.