देव्हाऱ्यातला जर्मन बिल्ला

मी घड्याळं दुरुस्त करतो. बुलढाण्याच्या बाजारात टपरीएवढं दुकान आहे, राहायला देऊळघाटला. चाळीस वर्षं मी एकाच गोष्टीवरून लोकांवर खेकसत आलोय. जुन्या घड्याळाची तबकडी कोणी घासूनपुसून आणली की माझं डोकं सणकतं. अरे बावा, जुनेपणाचीच तर किंमत होती, काऊन घासलं बे, असं कैक गिऱ्हाइकांना सुनावलंय. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करायला नको.

तीन वर्षांपूर्वी बायकोचा उजवा डोळा गेला. आतला पडदा सुटला होता आणि आम्ही शहाणे तो चष्म्याचा नंबर समजून बसलो. मग डाव्याचाही पडदा सुटायला लागला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांच्या आत ऑपरेशन करा, नंतर आलात तर माझ्या हातात काही नाही. पैशासाठी भावांकडे गेलो, त्यांनी हात वर केले. दुकान विकतो म्हटलं तर घेणारं कोणी नाही. एका भरदुपारी शटर अर्धं ओढून घेतलं आणि लेकरासारखा रडलो.

तेव्हा देव्हारा आठवला. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आले होते. येताना एका पकडलेल्या जर्मन अधिकाऱ्याच्या गळ्यातला क्रॉस घेऊन आले. त्याच्या मधोमध स्वस्तिक, म्हणून आजीनं तो सरळ देवातच ठेवला. ते स्वस्तिक कोणाचं आणि त्यांनी काय काय केलं, हे मला शाळेत कळलं, पण घरात सांगायची हिंमत झाली नाही. त्या बिल्ल्याला आमच्या घरी वर्षानुवर्षं हळदकुंकू लागत आलं.

तो दुकानात नेला, मोबाईलवर अशा बिल्ल्यांची माहिती वाचून काढली आणि डोळ्याला भिंग लावलं. नकली बिल्ले बहुतेक एकाच साच्यात ओतलेले असतात. हा तीन तुकड्यांचा होता. मधे लोखंडाचा काळा गाभा, त्याला दोन्ही अंगांनी चांदीची चौकट. चुंबक लावलं, गाभ्याला चिकटलं. व्हर्नियरनं मोजला तर अठ्ठेचाळीस मिलिमीटर भरला. साधा क्रॉस याहून लहान असतो. हा मोठा, गळ्यात घालायचा, फार थोड्यांना मिळालेला. वरच्या कडीखाली चौकटीवर चांदीच्या कसाचा बारीक ठसाही होता. मी तिथंच मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले.

मुंबईच्या एका जुन्या पदकांच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवले. तासाभरात त्याचा फोन आला. काळा रंग मूळचा, कारखान्यातलाच दिसतो, खरी किंमत त्याचीच आहे, असं तो म्हणाला. हातात घेतल्याशिवाय शब्द देत नाही म्हणाला, पण खरा निघाला तर त्यानं सांगितलेल्या आकड्यात ऑपरेशन होऊन वर काही उरणार होतं. गुरुवारी तो दर्शनाला शेगावला येणार होता, लॉजवर भेटायचं ठरलं. फोन ठेवता ठेवता त्यानं बजावलं, "काका, त्याला पाणीसुद्धा लावू नका."

बायकोला यातलं काही सांगितलं नाही. देवातली वस्तू विकतो म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार? गुरुवारी एका जाणकाराला दाखवायला नेतो, एवढंच म्हणालो आणि बिल्ला परत देव्हाऱ्यात ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी तिनं तो रुमालात बांधूनच माझ्या हातात दिला. मला एसटी गाठायची घाई, रुमाल सोडून पाहिलाच नाही. शेगाव येईपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.

लॉजच्या खोलीत व्यापाऱ्यानं रुमाल उघडला. क्रॉस लखलखत होता. काळा रंग कुठंच नव्हता, नुसतं पांढरं लोखंड. कडीखालचा ठसाही गेलेला. माझ्या मोबाईलमधला फोटो शेजारी धरून तो बिचारा किती तरी वेळ बघत राहिला. म्हणाला, हाच तो, हे मला पटतं, पण पुढच्या गिऱ्हाइकाला काय दाखवू? रंग नाही, ठसा नाही, सगळे नकलीच म्हणतील. मी त्याचे पाय धरले. साठीचा माणूस मी, लेकाच्या वयाच्या पोराचे पाय धरले. त्यानं मला उठवून चहा पाजला आणि हजार रुपये हातावर ठेवायला लागला. ते मी घेतले नाहीत, त्याचाही आता पस्तावा होतो.

परतताना एसटीत ठरवलं होतं, आज घर डोक्यावर घ्यायचं. ती ओसरीवर बसली होती, बोटांची टोकं अजून काळी. मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली.

"चिंचेनं निंघे ना, राखेनं निंघे ना. मंग तुमच्या पेटीतला पॉलिश पेपर घेतला. काल दिवसभर घासलं. देवाची वस्तू परक्या माणसापुढं मळकी कशी न्यायची? दिसत तं नाई मले, बोटानं चाचपून चाचपून केलं."

काऊन घासलं बे, हे चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सुनावलं, तिला नाही सुनावू शकलो. 'हात लावू नको', एवढं सांगितलं असतं तर तिचा डोळा वाचला असता. चार माणसांना शहाणपण शिकवणारा मी, स्वतःच्या बायकोला तेवढं सांगितलं नाही.

"चमकते का हो?" तिनं विचारलं.

मी बिल्ला तिच्या डाव्या डोळ्याजवळ धरला. "चमकते," म्हटलं. "लय चमकते."

ती हसली. "उजेडावानी दिसून राह्यलं मले बी."

आता तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. दर दसऱ्याला ती बिल्ला मागून घेते, मांडीवर ठेवून घासते आणि मला तेच विचारते. चमकते, असंच मी सांगतो. दुसरं काही मी तिला अजून सांगितलेलं नाही.