मागची बाजू बघणारे अण्णा

नक्षीअण्णांच्या हातात कुठलंही कापड आलं की ते आधी उलटं करायचे. लग्नातला आहेर असो, पाहुण्याच्या घरी अंथरलेली चादर असो, अण्णा कोपरा उचलून मागची बाजू बघणारच. एकदा आमच्या युनियनच्या सभेत त्यांनी थेट वक्त्याच्या खांद्यावरची शाल मागून उलटी केली आणि हळूच म्हणाले, "धागे लोंबायलेत की सायेब." पुढून सगळेच मोर नाचतात, दोरे कुठं नेऊन दडवलेत ते मागं कळतं, असं त्यांचं म्हणणं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातला हा माणूस. चौकटीच्या कागदावर चादरीची नक्षी काढायची आणि तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, हे त्यांचं काम. ती कार्डं मागावर चढली की धागे आपोआप उचलले जातात आणि नक्षी उमटते. मी तेव्हा युनियनची पत्रकं लिहायचो. मला बघितलं की ते विचारायचे, "काय पत्रकवाले, आज कुणाचा धिक्कार?"

अण्णा शिवप्पांबरोबर राहायचे. शिवप्पा अक्कलकोटकडचे, शिलाईकाम करणारे, रागावले की कानडीत बोलणारे. एक खोली, एक चूल, अकरा वर्षं. मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागलो तेव्हा महिनाभरात मला कळलं, आणि मला कळलंय हे अण्णांना त्याच दिवशी कळलं. ते एवढंच म्हणाले, "हाय हे असं हाय. भाकरी घे अजून."

जुन्या कारखान्यात अण्णांनी एक बायको रचली होती. मंडळी तिकडं तेलंगणात सासूपाशी असतात, असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मग विचारणा सुरू झाली. आणत का नाहीत, पोरंबाळं कसं नाही, पत्र येतं का. सहा वर्षांनी अण्णा इतके थकले, की त्यांनी तिला तापानं मारलं. झालं भलतंच. माग अर्धा दिवस बंद ठेवून सगळं खातं दारात आलं. बायका रडल्या. एका म्हाताऱ्या विणकरानं स्वतःच्या हातानं त्यांना कडू घास भरवला. शिवप्पा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मशीनवर बसून होते. महिनाभरात दुसरेपणाची स्थळं येऊ लागली, आणि अण्णांनी ती नोकरी सोडली.

"एक बाई मी जन्माला घातली आन् मीच मारली," ते म्हणायचे. "त्या म्हाताऱ्याचा घास अजून गळ्यात हाय. आता पुन्हा न्हाय."

बहात्तरच्या दुष्काळानंतर त्यांना मोठ्या कारखान्यात नक्षीमास्तरची जागा मिळाली. रुजू होताना मुकादमानं विचारलंच, मंडळी कुठं असतात? सांगतो सावकाश, म्हणून अण्णांनी वेळ मारून नेली. पण तिथं खंडेनवमीला एक रीत होती. ज्याचा माग, त्यानं जोडीनं पूजा करायची. आणि पहिलं हळदकुंकू नक्षीमास्तरच्या घरातून. मुकादम माणूस वाईट नव्हता. अण्णा उत्तर टाळतायत हे बघून, विधुर म्हणून सांगा, पूजा मी माझ्या बायकोकडून करून घेतो, असं त्यानं आपणहून सुचवलं. म्हणजे तीच बाई पुन्हा एकदा मारायची.

दोन महिने अण्णांचा जीव त्यात अडकला होता. खरं सांगावं तर पन्नाशीत नोकरी जाणार. न सांगावं तर पुन्हा तेच. शिवप्पांचं मत स्पष्ट होतं: गप्प बसा, चूल पेटती राहू दे. सांगा म्हणणारा मी. खोटं बोलून जगणं म्हणजे मालकाला शरण जाणं, असं काहीबाही मी सुनावलं. मालकाचा यात संबंध काय, हा प्रश्न मला पडला नाही. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुझी युनियन हुभी ऱ्हाईल काय रं माज्या मागं?"

मी म्हणालो, राहील. कुणालाही न विचारता म्हणालो.

खंडेनवमीला अण्णा शिवप्पांना घेऊन गेले. शिवप्पांनी नवी टोपी घातली होती, हातात हळदकुंकवाचं ताट. मीही होतो. मुकादमानं विचारलं, हे कोण. अण्णा म्हणाले, "अकरा वर्षं संसार करतोय आम्ही दोघं. माझी जोडी हीच."

मालकानं आपला नारळ फोडला आणि तो कचेरीत निघून गेला. कुणीतरी फिस्सकन हसलं. बायकांनी आपापली ताटं उचलली आणि दुसऱ्या मागांकडे गेल्या. ज्यांच्यासाठी मी पत्रकं लिहायचो त्याच माणसांनी दुपारी पाण्याचा माठ वेगळा केला. मी मात्र मालकशाहीच्या नावानं ओरडत होतो. दुसरं भाषण मला येतच नव्हतं.

मालकानं अण्णांना दिवाळीच्या मोराची कार्डं पूर्ण होईपर्यंत ठेवलं आणि मग काढलं. अण्णांनी ती पूर्ण केली. मी चिडलो तर म्हणाले, नक्षी अर्धी सोडता येत न्हाय.

युनियनच्या बैठकीत मी विषय काढला. आमच्या भाषणांत शोषित असत, पीडित असत, दलित असत. अण्णांसाठी मात्र त्या खोलीत एकच शब्द निघाला, तो शिवी होता. शेवटी मोठ्या मनानं ठरलं, की पत्रक काढायचं, पण कारण बदलायचं. बोनस मागितला म्हणून नक्षीमास्तरला काढलं, असं लिहायचं. ते मीच लिहिलं. झणझणीत लिहिलं.

छापून आलं तशी पहिली प्रत घेऊन अण्णांकडे गेलो. शिवप्पा मशीन गोणपाटात बांधत होते. घरमालकानं खोली सोडायला सांगितली होती. अण्णांनी पत्रक सावकाश वाचलं. मग सवयीनं उलटं केलं. मागं कोरा कागद होता. त्यावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

"तूबी माझी एक बायको रचलीस की रं, पत्रकवाले," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ते दोघं अक्कलकोटच्या बसनं गेले. पुढं सरहद्दीपलीकडं कानडी मुलखात कुठं गेले ते कुणाला ठाऊक नाही; मी दोनदा जाऊन विचारून आलो. ती पत्रकं मी कारखान्याच्या फाटकावर स्वतः वाटली. कामगारांनी घोषणा दिल्या. बोनस मिळाला.

तो मोर अजून विणला जातो. माणूस नको, पण त्यानं भोकं पाडलेली कार्डं हवीत. सोलापुरात ज्या घरी मुक्कामाला जावं तिथं अंगावर तोच मोर येतो. मी कोपरा उचलतो, मागची बाजू बघतो. अण्णांनी प्रत्येक दोरा जागच्या जागी बांधलाय, एकही दडवलेला नाही. मग चादर पुन्हा सुलटी करतो आणि सगळ्यांसारखा पांघरून झोपतो.