सीमेवर अडकलेला ट्रक

आमचे तपासनीस सर खालून वर वाचायचे. साडीच्या खोक्याची एक पुठ्ठ्याची पट्टी संगणकाच्या पडद्यावर आडवी धरायची, एकच ओळ उघडी ठेवायची आणि शेवटच्या ओळीपासून पहिलीकडे सरकायचं. "वरून वाचलं की डोळा पुढं पळतो रे," म्हणायचे. चूक सापडली की पट्टी तिथंच धरून साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारायचे, "हे कोणाचं पाप?"

तुम्ही कुठंही नोकरी केली असेल तर असा एक माणूस पाहिला असेलच. मला तो पहिल्याच नोकरीत भेटला आणि मी त्यांचा मनापासून द्वेष केला.

आमची कचेरी मैसूरच्या विजयनगरात, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. कॅनडातून अमेरिकेत माल नेणारा ट्रक सीमेवर पोचण्याच्या तासभर आधी त्याची सगळी माहिती, म्हणजे ड्रायव्हर कोण, गाडी कोणती, आत काय, तिथल्या कस्टम खात्याला संगणकावरून कळवावी लागते. ती आम्ही इथून भरायचो. तिथं सकाळ झाली की आमची संध्याकाळची शिफ्ट भरात यायची. कॅनडातल्या ट्रकची माहिती मैसुरात बसून का भरायची, हे माझ्या वडिलांना अजून पटलेलं नाही. तरी मी घरातला पहिला पदवीधर, जतच्या मराठी शाळेत शिकलेला. मला ही खुर्ची मिळाली याचे उपकार मी आजही मानतो.

आम्ही भरलेलं सगळं तपासायचं काम सरांचं. घराणं कापड रंगवणाऱ्यांचं, पिढ्यान् पिढ्या मैसुरात. घरात मराठी, तीही अर्धी कन्नड. परमुलखात आपल्या भाषेचा माणूस भेटला म्हणून मी पहिल्या दिवशी हरखून गेलो. "कुठला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"नोडप्पा, बघ बाबा, अस्सल मराठी आलं. आता आमची सुधारणार!"

सगळे हसले. तेव्हापासून माझं नावच 'महाराष्ट्र' पडलं. "ए महाराष्ट्र, सुम्ने, उगाच बसू नको, पुढचा ट्रक घे."

आम्हा सगळ्यांना एक सवय होती. त्याच कंपनीचा जुना ट्रक कॉपी करायचा आणि दोनतीन गोष्टी बदलून पाठवायचा. दहा मिनिटांचं काम तीन मिनिटांत होई. त्यांना याचा संताप. "कोरा भरायचा," ते बजावायचे. "आमच्या आजोबांचा एक ठसा वाकडा बसला तर सगळं थान वाया जायचं. तुमचं तर माणूस अडकतं तिथं."

एकदा मी कॉपी केली आणि मागच्या खेपेच्या ट्रेलरचा नंबर तसाच राहिला. ट्रक सीमेवर अडकला. मला एक अक्षर न बोलता त्यांनी मॅनेजरला ईमेल केली. माझं नाव आणि पुढं दोनच वाक्यं. चूक याची. कॉपी केली.

"सर, आधी मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तुला सांगून ट्रक सुटतो का?"

मला अखेरची ताकीद मिळाली. यापुढे ज्याच्या लॉगिनवरून गेलेला ट्रक अडकेल, त्याची नोकरी त्याच दिवशी संपेल, असं मॅनेजरने सगळ्यांना जाहीर केलं. त्या दिवशी जिन्यात उभं राहून मी तपासनीसांना दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पुढे एका आठवड्यात दोघांनी नोकरी सोडली. त्यांचे ट्रक तपासनीस स्वतः भरू लागले आणि स्वतःच तपासू लागले. त्या संध्याकाळी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्यांचा गोठवलेल्या मासळीचा ट्रक झळकला. ड्रायव्हर सुखदेव. मी चमकलो. तासाभरापूर्वी सुखदेवशी मीच फोनवर बोललो होतो. तो रजेवर होता, घरी होता. म्हणजे त्यांनी जुना ट्रक कॉपी केला होता. त्यांनी!

ट्रक सीमेवर पोचायला अजून दीड तास होता. तोवर नाव बदलता येतं. मी कॉफी आणली. सावकाश प्यालो. खोटं कशाला सांगू, ती फार गोड लागली.

मग उठून त्यांच्यापाशी गेलो. "सर, तुमचा तो मासळीचा ट्रक..."

"आधी तुझं बघ." नजर पडद्यावरच. "आयतु का, झाले का तुझे सगळे?"

"नाही सर."

"मग इथं काय करतोस?"

मी परत आलो. सुखदेव रजेवर आहे. तीन शब्द होते. ते मी गिळले, आणि मला हायसं वाटलं.

दीड तासाने फोन वाजला, तो मीच उचलला. पलीकडे ड्रायव्हर ओरडत होता, "भाईसाब, गाडी में मैं बैठा हूँ, आपके काग़ज़ में कोई और बैठा है!"

त्यांनी माझ्या हातून फोन घेतला. त्याची माफी मागितली, नाव बदललं, पण अधिकाऱ्यांनी तोवर ट्रक तपासणीला बाजूला घेतला होता. मग ईमेल केली. तीच दोन वाक्यं, फक्त नाव स्वतःचं. मी निघालो तेव्हाही ते फोन कानाला लावून बसले होते, ट्रक सुटायची वाट बघत. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी होती. आठवड्याभराने तिथे मला बसवलं.

शेवटी महिन्याने त्यांना शोधत मैसुरातल्याच गोकुलम भागात गेलो. योग शिकायला आलेल्या परदेशी लोकांना खोल्या देणाऱ्या एकाकडे ते कागदपत्रं तपासत होते. मी पेढे नेले होते. का नेले कोण जाणे.

"बेडा, नको," त्यांनी पुडा परत सरकवला. "बढतीचे आणलेस?"

"नाही सर. मी ते नाव बघितलं होतं. आधीच. माफी मागायला आलो."

त्यांच्या चेहऱ्यावर ना राग ना काही.

"माझी काय मागतोस? कॉपी मी केली. त्या ड्रायव्हरकडं माग. आठ तास बसला तो यार्डात." मग म्हणाले, "नाव तरी ठाऊक आहे त्याचं?"

मी तोंड उघडलं. ओठांवर आलं ते सुखदेव, त्या दिवशी घरी होता तो.

ते एका बाईचा पासपोर्ट उलटून बघू लागले. मी पुडा उचलला आणि बाहेर आलो.